रक्तातला तोतया

मधुकररावांचा रक्तदाब एकशे नव्वद होता आणि त्यांची सून काजल बॅग भरून दवाखान्यात बसली होती. सासूनं सकाळी तिच्या भावासमोरच तिच्यावर आळ घेतला होता; तो पाच वाजता तिला माहेरी न्यायला येणार होता. साडेचार वाजून गेले होते.

"इनंच काहीतरी कालवलं जेवणात," मधुकररावांच्या पत्नी वच्छलाबाई म्हणाल्या. "दोन महिने झाले सयपाक इच्याकडे देऊन. यायचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला, वाटलं आता बरं चालन. तर पायच सुजून राहिले."

मधुकरराव शांतपणे गाल हलवत बसले होते.

डॉ. उत्तरा धरमपेठेत वीस वर्षं रुग्ण पाहत होत्या, आणि पुराव्याआधी शिक्षा ठरवणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग यायचा.

"काजल, गोळ्या कोण देतं?"

"मी. माझ्यासमोरच घेतात जी."

"मीठ?"

"भाजीत नावाले. सारे तेच खातो."

"एकाच पातेल्यातलं?"

"हो जी."

उत्तरा वळल्या. "मग वच्छलाबाई, तुमचे पाय का नाही सुजले?"

वच्छलाबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं.

उत्तरांनी आठवड्यापूर्वीच्या रक्ताचा रिपोर्ट पुन्हा उघडला. त्यातली एक गोष्ट त्यांना दुपारपासून छळत होती.

"मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचा हार्मोन सुटतो. तो मूत्रपिंडाला हुकूम देतो, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. मिठाबरोबर पाणी थांबतं, दाब चढतो. इथे दाब चढलाय, पोटॅशियम घसरलंय. म्हणजे हा हार्मोन भरपूर हवा. पण तो जवळजवळ नाहीच."

"मग हुकूम कोण देऊन राहिलं?" काजलनं विचारलं.

"तेच शोधायचंय. काका, गालात काय आहे?"

मधुकररावांनी खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली. "घरचा खर्रा. तंबाखू नाही, सुपारी नाही. दिवसाच्या चार पन्न्या लागते."

उत्तरांनी चिमूटभर पूड जिभेवर ठेवली. गोड लागली. बराच वेळ गोडच राहिली.

"हे घोटतं कोण?"

काजलनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं, पण सासूचं नाव तिच्या तोंडून निघालं नाही.

"मी," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या. "ज्येष्ठमध अन् बडीशेप. औषधच तं आहे ते."

"चिमूटभर असेल तर. कॉर्टिसॉल नावाचा दुसरा हार्मोनही तोच हुकूम देऊ शकतो. मूत्रपिंडातला पहारेकरी त्याला अडवतो. एवढं ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की पहारेकरी निजतो आणि तोतया आत शिरतो. शरीर आपला खरा हार्मोन बंद करतं, तरी दाब उतरत नाही. अजून महिनाभर चाललं असतं तर काकांचं हृदय थांबू शकलं असतं."

"म्हणजे मीच," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही तंबाखू सोडवलात, ते मोठंच काम केलंत. हे बंद करा. पोटॅशियम देते, रोज तपासू. काही आठवड्यांत दाब उतरेल."

बाहेर मोटरसायकल थांबली. काजल उठली, बॅगेकडे वाकली. वच्छलाबाईंनी आधीच बॅग उचलून आपल्या मांडीवर घेतली होती.

"भावाले आत बोलाव वं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर बोलली होती मी. माफीही त्याच्यासमोरच मागतो."