बोलकं घर मुकं झालं

"मॅडम, घर बोलत नाहीये!"

खटपट्या दारातूनच ओरडला. मॅडम प्रोजेक्टरच्या वायरशी झटापट करत होत्या. हा प्रोजेक्टर बदलून द्या म्हणून त्या वर्षभर विभागप्रमुखांच्या कानीकपाळी ओरडल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता हे.

"स्पीकर बघितलास?"

"स्पीकर धडधाकट आहेत. गाणी वाजतात. घराचाच आवाज गेलाय."

मॅडम कॉलेजात इंटरॅक्टिव्ह मीडिया शिकवत. पडद्याला हात लावला की उत्तर देणारे खेळ, गोष्टी, प्रदर्शनं विद्यार्थ्यांनी आखायची, बनवायची आणि वर्षाच्या शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढे चालवून दाखवायची. यंदा सगळी भिस्त 'बोलकं घर'वर होती. पडद्यावर एक खोली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसानं एखाद्या वस्तूला बोट लावलं, की ती वस्तू काय आहे ते आवाज सांगायचा. आवाज होता ताईच्या आत्याचा. आजार बळावण्याआधी रेकॉर्ड केलेला.

ताई म्हणजे वर्गातली वयानं मोठी विद्यार्थिनी. बरीच वर्षं नोकरी करून पुन्हा कॉलेजात आलेली. आवाजाचं काम तिचं, चित्रं रंगाऱ्याची, प्रोग्राम खटपट्याचा.

मॅडमनी तिघांना आत घेऊन लॅबचं दार लावलं आणि पडद्यावरच्या खुर्चीला बोट लावलं. खुर्ची उजळली. खाली अक्षरं उमटली: 'इथे बसून मी ऊन खाते.' मग खुर्ची पूर्ववत झाली. सगळं जिथल्या तिथे. फक्त आवाज नाही.

त्यांनी आवाजाची फाइल उघडली. नाव बरोबर, लांबी बरोबर. पण पडद्यावर आवाजाच्या चढउतारांच्या जागी एक सपाट रेष. दिव्याची फाइल, कपाटाची फाइल, सगळीकडे तेच. जादा प्रत ठेवलेल्या हार्ड डिस्कवरही तेच.

"हे आपोआप होत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी मांडी ठोकून बसून केलंय. आणि पासवर्ड माझ्याशिवाय तुम्हा तिघांनाच माहीत आहे."

रंगारी चुळबुळला. "सांगू नये, पण खटपट्या ताईला म्हणाला होता, तुझे आवाज एक दिवस उडवून टाकीन."

"रागात माणूस काहीही बोलतो रे!" खटपट्या उसळला. "तिच्या फाइली इतक्या जड, की घर गोगलगायीसारखं चालायचं. म्हणून काय मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईन?"

"मला सांग, फाइल सापडलीच नाही तर तुझा प्रोग्राम काय करतो?"

"अडकून बसतो. आवाज संपल्याशिवाय पुढे सरकतच नाही."

"आणि तुला सगळे आवाज बंद करायचे असते तर?"

"एक ओळ बदलली की झालं. चुटकीसरशी." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

मॅडम रंगाऱ्याकडे वळल्या. "ही खालची अक्षरं मागच्या खेपेला नव्हती."

"परवा टाकली. ताई म्हणाली, ऐकू न येणाऱ्यांचीही सोय होईल. एकेक वाक्य ऐकून लिहिताना माझा जीव मेटाकुटीला आला."

"ताई, मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"फोनमधून पुसलं गेलं."

"आत्या आज येणार होत्या ना?"

"तिला बरं नाहीये."

"ताप?"

"नाही. म्हणजे, थोडा."

"घरी त्यांच्यावर चाचणी घेतलीस, तेव्हा खूश झाल्या होत्या म्हणालीस."

"हो," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

फोन वाजला. विभागप्रमुख. "परीक्षक गेटवर आलेत. त्यांच्यातल्या वृद्धसेवा केंद्राच्या डॉक्टरीणबाई तर पुढच्याच आठवड्यात घर केंद्रात बसवायचं म्हणतायत. सगळं ठीक ना?"

"उत्तम," मॅडम दातओठ खात म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मॅडम खुर्चीत बसल्या. "ऐका. तुमच्या वाईटावर असलेल्या माणसानं फाइली सरळ उडवल्या असत्या. घर परीक्षकांपुढे अडकून पडलं असतं, तिघांची फजिती झाली असती. इथे मात्र प्रत्येक आवाजाच्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता ठेवली आहे. आवाज जावा, पण सोबत्यांची मेहनत वाया जाऊ नये, असं कुणालातरी वाटत होतं."

मॅडमनी खटपट्याकडे बोट दाखवलं.

"खटपट्याला हा उपद्व्याप करायची गरजच नव्हती, त्याचं काम एका ओळीत झालं असतं. रंगाऱ्याला आवाज घालवायचा असता, तर अक्षरं टाकायचं त्यालाच सुचलं असतं; त्याला ती दुसऱ्यानं टाकायला लावली. उरतं कोण? आवाज जाण्याच्या आधीच ज्या व्यक्तीनं अक्षरांची तजवीज केली, ती. ताई, मूळ रेकॉर्डिंगही पुसलं नाहीयेस. आत्याचा आवाज तू पुसूच शकणार नाहीस."

ताईनं पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला.

"ती घाबरली, मॅडम. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. 'घरात ही कोण बाई शिरलीय, हाकला तिला,' म्हणून किंचाळत राहिली. पलंगाखाली लपली. मी तुम्हाला खोटं सांगितलं. वाटलं, माझ्यापायी यांचं वर्ष जाईल. आणि मग कळलं, घर केंद्रात बसवणार. तिथे किती जणी अशा..."

"अगं, मग बोलायचं ना!" खटपट्या ओरडला. "आम्ही काय परके होतो?"

मॅडमचा पारा चढला होता. "वर्षभर मी घसा कोरडा केला, चाचणी फसली तर फसली म्हणून सांगा, त्यालाही मार्क आहेत! तुम्ही सगळं शिकलात, तेवढंच सोडून." त्या उठल्या. "चाचणीचे मार्क जाणार. तिघांचे. आणि बाहेर जाऊन हे सगळं तूच सांगायचंस."

ताईनं सांगितलं. विभागप्रमुखांचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी मुक्या घरातल्या दोन-तीन वस्तूंना बोट लावून पाहिलं.

"हे असं, बिनआवाजाचं, आत्यांना दाखवलंत?"

"नाही."

"मग दाखवा की. तोवर आम्ही काही बसवत नाही."

चौथ्या दिवशी चौघं ताईच्या घरी गेली. मॅडम अजून धुसफुसतच होत्या. आत्या पडद्यासमोर अंग चोरून बसली. बराच वेळ काहीच घडलं नाही. रंगारी जांभई दाबत होता. मग तिनं खुर्चीला बोट लावलं, खाली उमटलेल्या अक्षरांकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचलं,

"इथे बसून मी ऊन खाते."

आणि लगेच कपाटाकडे बोट नेलं.