सतरा नंबरची जागा

त्या दोघांचं पहिलं बोलणं म्हणजे भांडणच होतं, आणि तेही एका आकड्यावरून.

जून महिन्यातला बुधवार. ब्राझीलच्या दक्षिण टोकाकडे तेव्हा ऐन हिवाळा असतो. आरारा पार्कमध्ये तराफ्यांच्या सफरीच्या फाटकावर जनाइना उभी होती. पायांत गमबूट, डोक्यावर टोपी, आणि मुठीत माणसं मोजायचं छोटं यंत्र. माणूस आत गेला की अंगठ्यानं टिक् करायचं, एवढंच काम. भुरभुर पाऊस पडत होता, आणि तसल्या गारठ्यात पाण्यात उतरायला आसुसलेले चाळीस आजीआजोबा तिच्यासमोर येऊन थांबले. त्यांच्या पुढे त्यांचा गाइड. उंच, सडपातळ, हातात काठी. काठीच्या टोकाला लोकरीनं विणलेली केशरी कोंबडी.

"चाळीस जण," कागद पुढे करत तो म्हणाला.

सगळे आत गेले. जनाइनानं यंत्राकडे पाहिलं. "एक्केचाळीस."

"चाळीसच आहेत हो. कोंबडीला धरलंत का?"

"कोंबडीला नाही धरलं."

"मग यंत्र बिघडलंय तुमचं."

"यंत्र ठणठणीत आहे. तुमचा कागद बघा."

तो हसला आणि मागे वळून ओरडला, "मंडळी, मोजणी!"

दोना नोएमिया, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नोएमियाबाई, अशा एक ठेंगण्या आजीबाई होत्या. त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "एक!" मग दोन, तीन... आकडा रांगेतून उड्या मारत निघाला. चौदा, पंधरा, सोळा—

आणि एकदम शांतता.

सगळ्यांनी तोंडं मिटली. एक श्वास घ्यावा एवढाच वेळ. पावसाचे थेंब प्लास्टिकच्या रेनकोटांवर टपटपताना ऐकू आले. मग कुणीतरी म्हणालं, "अठरा!" आणि मोजणी पुन्हा धावत सुटली, ती थेट एक्केचाळीसपर्यंत.

"एक ते एक्केचाळीस, मधला सतरा नाही. म्हणजे चाळीस. झालं समाधान?" तो म्हणाला.

"सतरा कुठे गेला?"

"सतरा नसतो."

"का नसतो?"

"तुमचे एक्केचाळीस कसे होतात ते सांगा, मग सांगतो."

जनाइनानं यंत्र शून्यावर आणलं. ते काही ती सांगणार नव्हती.

त्याचं नाव व्हाल्मोर. डोंगरातल्या गावांमधून दर बुधवारी तो एक बस भरून म्हातारी माणसं आणायचा. गावं बदलायची, पण दोना नोएमिया मात्र दर खेपेला असायच्याच. "घरी बसून माझे गुडघे जास्त दुखतात," असं त्यांचं म्हणणं. आणि गाव कुठलंही असो, मोजणी सतराशी येऊन थांबायचीच.

जनाइनाला या गोष्टीनं झोपेतही छळलं. तुम्हीच सांगा, कुणी आपल्यासमोर पेटी ठेवली आणि किल्ली खिशात घालून निघून गेला, तर दुसरं काय सुचणार? कुणी वारलं असेल का? की अपशकुनी आकडा? तराफे हाकणारा सिद्नेई म्हणाला, "सतरा नंबरचे कपडे घातलेला कुणी खेळाडू त्याला आवडत नसेल." हेही तिला पटेना.

तिसऱ्या बुधवारपर्यंत दोघांचं काम मात्र एकमेकांत छान मिसळून गेलं. मोठा गट हाताळणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. व्हाल्मोर आधी सगळ्यांना बाथरूमला धाडून मगच फाटकाशी आणायचा. जनाइना दुखऱ्या गुडघ्यांना पहिल्या तराफ्यात बसवायची, मैत्रिणींची जोडी कधी फोडायची नाही, आणि जी आजी सर्वांत मोठ्यानं गाते तिला मुद्दाम भित्र्या आजोबांशेजारी बसवायची. आठ-आठांचे पाच तराफे भरायचे. व्हाल्मोर काठावर, ओल्या फळ्यांवर उभा राहून एकेकाचा हात धरून उतरवायचा. आणि फाटकावरचं यंत्र दर वेळी एक्केचाळीस दाखवायचं.

त्या दिवशी त्यानं तिच्यापुढे 'माते' नावाच्या तिकडच्या चहाचा तुंबा धरला. कडू पानांवर गरम पाणी, आणि चोखायला एक नळी. तिकडे हिवाळ्यात प्रत्येकाच्या काखेत थर्मास असतोच. जनाइना उत्तरेच्या उबदार किनाऱ्यावरची. तिनं एक घोट घेतला आणि सभ्यपणे म्हणाली, "धन्यवाद."

व्हाल्मोरचा चेहरा पडला. तुंबा परत घेऊन तो निघून गेला.

"अगं वेडे," दोना नोएमिया कानाशी येऊन कुजबुजल्या, "आमच्यात 'धन्यवाद' म्हणायचं ते शेवटी. म्हणजे 'आता पुरे, मला नको'. अजून हवं असेल तर गप्प बसायचं."

चौथ्या बुधवारी जनाइना तुंबा घेऊन गप्प बसली. पाचव्याही. व्हाल्मोर पुन्हा पुन्हा पाणी ओतत राहिला, आणि थर्मास संपला तेव्हा दोघंही उगाचच पावसाकडे बघत होती.

आणि मग सातवा बुधवार आला.

त्या दिवशी संध्याकाळी देशाच्या संघाचा मोठा सामना होता. पार्क नुसतं पिवळंधमक झालं होतं. स्वेटरांवर पिवळे शर्ट, रेनकोटांखाली पिवळे शर्ट, व्हाल्मोरच्या कोंबडीलाही पिवळा मफलर. सगळ्या बसगाड्या सामना गाठण्यासाठी लवकर निघणार होत्या.

"आज शेवटचा बुधवार," कागद देताना तो सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. "कचेरीतून विचारलंय, रविवारपासून उत्तरेकडच्या किनाऱ्यांची सहल घेतोस का म्हणून. पूर्ण वर्षभर. सहाच्या आत कळवायचंय."

जनाइनानं न वाचताच कागदाची घडी घातली. पण तोंडातून निघालं ते असं, "मग कळवा की. तिकडे ऊन असतं छान."

"असतं ना." तो थोडा वेळ तिथेच घुटमळला. "...तुमचे एक्केचाळीस राहूनच गेले."

"तुमचा सतराही."

तो आत गेला. टिक्. त्याच्यामागून पिवळी रांग. टिक्, टिक्, टिक्. शेवटचा माणूस गेला आणि जनाइनानं आकडा पाहिला.

"थांबा! कुणी बसू नका. बेचाळीस आहेत."

"वा!" काठावरून व्हाल्मोर ओरडला. "आज दोननं चुकलात!"

जनाइना हसली नाही. फाटक साखळीनं बंद करून ती फळ्यांवर आली. "मी नेहमी एकानंच चुकते. दोननं कधीच नाही. तुमच्यात कुणीतरी परकं आहे."

ती ज्या खात्रीनं बोलली, त्यानं व्हाल्मोरचं हसू मावळलं. "मंडळी, मोजणी!"

एक, दोन, तीन... चौदा, पंधरा, सोळा—

शांतता.

"सतरा!" एक आनंदी, कापरा आवाज आला.

चाळीस माना एकदम वळल्या. पहिल्याच तराफ्यात, पाय पसरून, पिवळ्या शर्टातल्या एक आजीबाई बसल्या होत्या.

"माफ करा हं, माझं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या. "सगळे माझ्यासाठीच खोळंबलेत असं वाटलं."

"आजी, तुमचं नाव काय?" जनाइनानं विचारलं.

"पेर्पेतुआ. सतरा नंबर. आपला तो मिशीवाला गाइड कुठे गेला? आणि हा पोरगा कोण?"

"दोना पेर्पेतुआ, तुमची बस किती वाजता सुटणार?" व्हाल्मोर धडपडत तराफ्याशी येऊन म्हणाला.

"साडेतीनला. सामना आहे ना!"

तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. बसतळ पार्कच्या दुसऱ्या टोकाला.

जनाइनानं मोजायचं यंत्र सिद्नेईच्या हातात कोंबलं. "ही माझी या कामातली पहिलीच सुट्टी समज." व्हाल्मोरनं कोंबडीची काठी दोना नोएमियांकडे दिली. "यांना सांभाळा. तराफे झाले की सगळ्यांना बसकडे घेऊन या."

"मी? तुझ्यापेक्षा बरं सांभाळीन," दोना नोएमिया म्हणाल्या.

दोन बाजूंनी दोघं, मध्ये दोना पेर्पेतुआ, अशी वरात निघाली. आजींना घाई नव्हती. त्यांनी कारंजं पाहिलं. उकडलेल्या कणसांच्या गाडीशी थांबून वास घेतला. "तुम्ही नवराबायको का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही!" दोघं एकदम म्हणाली.

"मग भांडता छान."

आजींच्या डोक्यावरून जनाइनानं हळूच विचारलं, "सतरा ऐकल्यावर तुम्ही एवढे का घाबरलात?"

व्हाल्मोर सांगू लागला. "माझी पहिली सहल. महामार्गावरच्या धाब्यावर जेवण झालं, बसमध्ये मोजणी घेतली. सतराला आवाज आला, आम्ही निघालो. नव्वद किलोमीटरवर कळलं की सतरा नंबर मागेच राहिलाय. तिच्या मैत्रिणीला वाटलं, ती बाथरूममध्ये आहे, येईलच. म्हणून तिनंच तिच्या वतीनं ओरडून टाकलं. चांगल्या मनानं हं... पण बस सुटली."

"बाप रे. कोण होती ती?"

"माझी नोना. सख्खी आजी."

जनाइना थांबलीच. मग तिला हसू फुटलं, ते तिनं दोन्ही हातांनी दाबलं.

"हसा. सगळं गाव हसतं. मी परत गेलो तेव्हा ती तिथल्या मालकिणीला विणकाम शिकवत बसली होती. ती कोंबडी तेव्हाचीच. तेव्हापासून सतरा रिकामा ठेवतो. तिथे सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि कान उघडायचे. दुसऱ्याच्या वतीनं बोलायची सवय लागलेली माणसं तिथे बरोब्बर सापडतात." तो जरा अडखळला. "नोनानंही बजावलं होतं, माझा नंबर कोणाला देऊ नकोस, जोवर..."

"जोवर काय?"

पण समोर बसतळ आलं होतं. एका निळ्या बसचं इंजिन सुरू होतं, दार मिटत होतं. जनाइना धावली आणि तिनं दारावर थाप मारली. मिशीवाला गाइड वाकून म्हणाला, "काय झालं? आमची मोजणी झालीय. सगळे आहेत."

"सतरा आहे?"

"आहे की. आत्ताच आवाज दिला."

तेवढ्यात दोना पेर्पेतुआ पायरीवर चढल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळी बस न्याहाळली. "माझ्या नावानं कोण ओरडलं गं? तूच ना, इराउदिना?"

मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "मला वाटलं, तू बाथरूमला..."

मिशीवाला गाइड पांढराफटक पडला. व्हाल्मोरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

निळी बस गेली. थोड्या वेळानं केशरी कोंबडी डोलवत दोना नोएमिया सगळ्यांना घेऊन आल्या. ओलीचिंब, खूश, गात गात मंडळी बसमध्ये चढली. व्हाल्मोर पायरीवर उभा राहिला. जनाइना खाली डांबरी रस्त्यावर. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "आता तुमची पाळी. एक्केचाळीस कसे?"

जनाइना आपल्या गमबुटांकडे बघत राहिली. आता नाही सांगितलं तर ही बस जाईल, रविवार येईल, आणि पुढच्या बुधवारी फाटकावर दुसराच कुणी कागद घेऊन उभा असेल.

"चाळीस ते," ती म्हणाली. "आणि... एक तुम्ही."

"मी?"

"त्या ओल्या फळ्यांवर तुम्ही सगळ्यांचे हात धरता. तुमचा कुणीच धरत नाही. तुमच्या कागदावर तुम्ही नसताच. मग मीच धरते... मोजणीत. पहिल्या दिवसापासून."

बसची एक खिडकी करकरत सरकली.

"सांग की रे पोरा, पुढचं!" दोना नोएमिया ओरडल्या. "नोनानं काय बजावलं होतं ते! की मी सांगू?"

"नको, मी..." त्याचे कान लाल झाले होते. "ती म्हणाली, तू सगळ्यांना मोजशील. पण तुला मोजणारी कुणी भेटली... तर माझा नंबर तिला दे."

मग व्हाल्मोर तिच्याकडे बघतच, मागे न वळता, म्हणाला, "मंडळी, मोजणी."

"एक!" दोना नोएमियांनी खिडकीतूनच सुरुवात केली. दोन, तीन... एरवी धावणारा आकडा आज पावलं मोजत चालला होता. चौदा. पंधरा. सोळा.

शांतता. एक श्वास. मग आणखी एक. अठरा नंबरचे आजोबा आज काही केल्या तोंड उघडेनात.

"सतरा," जनाइना म्हणाली.

बसमध्ये असा काही गलका उठला, जणू सामन्यात पहिला गोल झाला असावा. त्या गोंधळातच ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. वेळ झाली होती. व्हाल्मोरनं खाली वाकून थर्मास आणि तुंबा तिच्या हातात दिला.

"धन्यवाद म्हणू नकोस," तो म्हणाला.

"वेडी आहे का मी?"

दार मिटलं, बस हलली. खिडकीतून दोना नोएमियांचा आवाज लांबपर्यंत येत राहिला, "अरे थांब! सतरा नंबर खालीच राहिली की रे!"

"माहीत आहे," व्हाल्मोर म्हणाला, आणि कचेरीला नकार कळवण्यासाठी त्यानं फोन काढला. ज्याचं माणूस मागे राहिलंय, त्या गाइडला परत यावंच लागतं.