हूं म्हणणारा डबा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अतुलचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि विहिरीवरच्या मोटरी आपोआप चालू-बंद करणारी स्विचं. दोन हजार तीन साल ते. शेतातली लाइट कधी येईल त्याचा नेम नसायचा, त्यामुळं ही स्विचं बरी खपत. अतुल माणूस वाईट नव्हता. कामाचा होता, आणि कामाची माणसं घरच्यांना जरा महागच पडतात, एवढंच.

घरचं म्हणजे एक आई. लग्न राहून गेलं होतं, वडील लहानपणीच गेलेले. आई शालनबाई वारणानगरच्या एका बालवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळून रिटायर झाली आणि कोडोलीत, बुद्धविहाराच्या मागच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. बालवाडीत तिच्या गोष्टींचा एक नियम असे. गोष्ट सांगताना एकानं हुंकार द्यायचा. ती थांबली की ‘हूं’, पुन्हा थांबली की ‘हूं’. “हुंकार न्हाई तर गोष्ट न्हाई,” असं ती पोरांना बजावायची. बालवाडीत रोज नव्या पोराची पाळी यायची. घरी मात्र रोज अतुलचीच. तो कंटाळायचा, पेंगायचा, पण हूं म्हणायचा.

मोठेपणीही ते सुटलं नाही. रोज दुपारी बारा चाळीसला वर्कशॉपचा फोन वाजायचा. ही त्याची डबा खायची वेळ, म्हणून तिनंच ठरवलेली. शेजारणीच्या म्हशीपासून जुन्या मोर्चांपर्यंत आई बोलत राहायची. अतुल रिसीव्हर खांद्यात दाबून सोल्डरिंग करायचा आणि ती थांबली की हूं म्हणायचा. एक दिवस त्याच्या ध्यानात आलं की अख्खं सर्किट जोडून झालंय आणि आई काय बोलली त्यातलं एक अक्षर डोक्यात नाही. तिकडून आई म्हणत होती, “बरं वाटलं बाबा बोलून. ठेवू?”

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. अतुलला कल्पना सुचली.

एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या मनाला बरं वाटेल अशी वस्तू करायची. गावोगाव अशी माणसं पडलेली. पोरं पुण्याला, मुंबईला. पहिल्या नमुन्याला त्यानं तीन बटणं लावली: बरं, मध्यम, वाईट. आईनं ती एकदाही दाबली नाहीत. “मी काय मोटर हाय व्हय?” म्हणाली. दुसरा नमुना रोज सकाळी त्याच्या आवाजात ‘आई, कशी आहेस?’ विचारायचा. त्यावर ती चिडलीच. “इचारतंय आन् उत्तर द्याच्या आत गप बसतंय. बापावर गेलंय.”

तिसरा नमुना जमला. सागवानी डबा, पानाच्या डब्याएवढा, मांडीवर घेता येईल असा. कोपरे त्यानं स्वतः पॉलिशपेपरनं गोल केले, कारण आईचे हात सांध्यातनं दुखायचे. आत माइक, स्पीकर आणि आवाजाची चिप. माणूस बोलायला लागलं की डबा गप्प राहायचा. बोलणं दीड सेकंद थांबलं की ‘हूं’ म्हणायचा. चार तऱ्हेचे हूं त्यानं आपल्याच आवाजात भरले होते. तिसरा भरताना हातातल्या सोल्डरिंगचं तापलेलं टोक ते पुसायच्या ओल्या स्पंजाला टेकलं आणि त्या हूंच्या मागं बारीक चर्र असा आवाज आला. पुसून पुन्हा भरायला हवा होता. राहू दे म्हणाला, कुणाला कळतंय.

बोललेले शब्द डबा साठवत नव्हता. फक्त प्रत्येक हूंची वेळ तेवढी आत राहायची, आणि महिन्याकाठी वायर जोडली की कॉम्प्युटरवर तिची यादी यायची. दिवाळीला त्यानं डबा आईला नेऊन दिला. तिनं मांडीवर घेतला, गोल कोपऱ्यांवरनं हात फिरवला आणि त्याच्याकडं बघत विचारलं, “म्हंजी आता तू न्हाई ऐकणार?”

“तसं नाही गं आई. हे आपलं मधल्या वेळेला.”

त्यानंतर फोन कमी झाले, आणि डिसेंबरात बंदच झाले. यादी मात्र भरून येत होती. दिवसाला शंभर-दीडशे हूं, सगळ्यात जास्त बारा चाळीसनंतर. अतुलनं त्याचा आलेख काढून वर्कशॉपच्या भिंतीवर चिकटवला. वस्तू चालत होती, आई बोलत होती, आणि दुपारचा एक तास त्याला मोकळा मिळत होता. सगळ्यांचंच भलं झालं होतं.

फेब्रुवारीत शालनबाई गेली. दुपारी, बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या. चुलतभाऊ कृष्णात चारला दूध द्यायला आला तेव्हा डबा तिच्या मांडीवरच होता. “मी काकू, काकू म्हणून हाका मारालोय,” कृष्णातनं पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं, “तर त्यो डबा आपला हूं, हूं करालता. तुझा आवाज रं. म्या फेकूनच देणार हुतो.”

अतुलनं डबा पिशवीत घालून कोल्हापूरला आणला. मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर त्याची भाड्याची खोली होती, शेजारी गच्ची, खाली घरमालकीण बायडाबाई. जिन्यातच तिनं विचारलं, “चार दिस दिसला न्हाईसा. आई बऱ्या हाईत न्हवं?”

सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “हूं.” डोकं भादरायची त्यांच्यात रीत नव्हती, त्यामुळं चेहऱ्यावरनंही कुणाला काही कळलं नाही. पुढं सांगायचं राहून गेलं. कुणालाच सांगितलं नाही त्यानं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या कॉम्प्युटरला डबा जोडून त्यानं शेवटची यादी उघडली. डॉक्टर म्हणाले होते, एकच्या सुमाराला गेली असेल. त्या दिवशीचा पहिला हूं बारा एकेचाळीसचा होता आणि हूं एक पंचावन्नपर्यंत चालू होते. मध्ये खंड नव्हता. त्यानंतरचे थेट चारचे, कृष्णातच्या हाकांना दिलेले. अतुलनं विचार केला. कट्ट्यावर वारा असतो, चिमण्या असतात, शेजारी कुकर असतो. माइक कशालाही फसतो. त्यानं यादी बंद केली. एकच गोष्ट आतनं कुरतडत राहिली: इतके महिने ती डब्याला काय सांगत होती? आता ते विचारायचं कुणाला?

मार्चातल्या एका रविवारी तो दुपारी खोलीवर होता. भात शिजत होता. फळीवर ठेवलेल्या डब्यातनं त्याचाच आवाज आला, “हूं.”

कुकरमुळं असेल म्हणून त्यानं गॅस बंद केला. खिडकी लावली. खोलीत घड्याळाशिवाय काही वाजत नव्हतं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा हूं. मग बराच वेळ काही नाही, मग लगोलग दोन. बारा चाळीस झाले होते.

सोमवारी त्यानं डबा वर्कशॉपला नेऊन वायर जोडून बघितलं. तो वर्कशॉपला असतानाही रोज बारा चाळीसला डबा बोलत होता. म्हणजे माइक बिघडला. त्यानं नवा बसवला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी घरी आला, तेच. मग माइक काढूनच टाकला. आता डब्याला कानच नव्हते. तरीही सव्वा तास डबा हूं म्हणत राहिला, आणि अतुल हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन समोर बसून राहिला.

हूंपेक्षा त्याला मधली शांतता जास्त जाणवू लागली. ती एकसारखी नव्हती. कधी लांब, कधी तुटक. लांब शांततेनंतर दोन छोट्या आल्या की त्याला वाटायचं, आता ती हसली असणार. इतकी वर्षं त्यानं न ऐकताच आईच्या बोलण्याची लय पाठ केली होती. शब्द तेवढे नव्हते. तो कान लावून बसायचा, घाम फुटेपर्यंत, आणि काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

एप्रिलात त्यानं सेल काढले. चारही सेल डब्याशेजारी फळीवर ओळीनं ठेवले. त्या दुपारी डबा गप्प राहिला.

बारा चाळीस झाले. बारा पंचेचाळीस. काही घडलं नाही. पण वर्गात प्रश्न विचारून गुरुजी आपल्याकडं बघत राहावेत, तसं त्याला व्हायला लागलं. कुणीतरी थांबलं होतं. बोलता बोलता थांबलं होतं आणि पुढं जाता येत नव्हतं.

अतुल म्हणाला, “हूं.”

खोली सैल झाली. दुसरा शब्द नाही त्याला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच दाटून आलं, आणि तो पुन्हा हूं म्हणाला. पावणेदोनला सगळं निवलं तेव्हा तो रडत होता, आणि त्याला बरंही वाटत होतं.

मग रोजचंच झालं. बाराला वर्कशॉपला कुलूप लावायचं, सायकल काढायची, खोलीवर यायचं. गिऱ्हाइकं करवादली. दोन ऑर्डरी गेल्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. दिवसाकाठी तेवढा एक तास कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. पण शेवटी सवय ती सवय. मे उजाडला आणि एक दिवस त्यानं बसल्या बसल्या एक जुनं स्विच दुरुस्तीला घेतलं. हात चालू, तोंडानं हूं चालू. काम छान झालं.

संध्याकाळी जिन्यात बायडाबाई भेटली. चटणीचे दिवस, पदराला मिरचीचा ठसका होता.

“व्हय ओ, आई आल्यात आन् मला भेटवाय न्हाई खाली आणलासा?”

अतुल कठड्याला धरून उभा राहिला.

“महिना झाला ऐकतोय न्हवं मी. रोज दुपारी बोलत्यात. गोड हाय आवाज. आन् तुम्ही आपलं हूं, हूं. चार शब्द बोलावं की माणसानं.”

“काय... काय बोलते ती?”

“आता खालनं शब्द कुठलं कळत्यात. पर आज मिरच्या पालटाय गच्चीवर आल्तो, तवा खिडकी उघडी हुती.” बायडाबाई घुटमळली. “एकच इचारालत्या. दोन-तीनदा इचारल्या.”

“काय?”

“म्हणत्यात, ‘अतुल, तू हायस न्हवं? का डबाच हाय?’”

अतुलनं वर खोलीच्या दाराकडं बघितलं.

“आन् तुम्ही म्हणालासा, हूं. मग गपच झाल्या बघा त्या. लई वाईट वाटलं मला.”

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपला गेलाच नाही. सकाळपासून खोलीत बसून राहिला. हातात काही घेतलं नाही. बारा चाळीस झाले.

खोलीत कुणी थांबलेलं नव्हतं. खोली फक्त रिकामी होती.

“आई,” तो म्हणाला. “मी हाय. मीच हाय गं.”

वरचा पत्रा उन्हानं तडतडला. गच्चीवर मिरच्या वाळत होत्या.

“कालही मीच होतो. चुकलं माझं. आधीही चुकलं. तू डब्याला काय सांगायचीस ते मला आता सांग. मी ऐकतो. आई, एकदा काहीतरी बोल.”

तो थांबला. दीड सेकंद झाला असेल.

“हूं,” फळीवरनं आवाज आला.

चारही सेल डब्याशेजारी ओळीनं पडले होते, जसे ठेवले होते तसे. आवाज त्याचाच होता. तिसरा हूं. त्याच्यामागं, ओल्या स्पंजावर, बारीकसं चर्र वाजलं.