दीड इंचाची जागा

"लाकडाला सदरा शिवायचाय का?"

वखारीत पाठीमागून कुणीतरी विचारलं. वळून बघते तर कानावर पेन्सिल, केसांत भुसा आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. मी गळ्यातली टेप काढून फळ्या मोजत होते. टेलरच्या मुलीनं दुसरं काय वापरायचं?

"तुम्हाला काय करायचंय?" मी फटकारलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

"मला काही नाही हो... पण तुमच्या कागदावर प्रत्येक फळीपुढे ‘अधिक दीड इंच’ लिहिलंय."

"मग? शिवणीला जागा नको सोडायला?"

बोलून गेले आणि जीभ चावली. लाकडाला कसली आलीय शिवण! तो हसला नाही, पण हसू आवरता आवरता त्याचे कान लालबुंद झाले. तो सुतार होता, हे मला नंतर कळलं. त्याचं हसू मला आवडलं, हे मात्र तिथल्या तिथेच कळलं.

झालं होतं असं, की बाबांनी तीस वर्षं दुकानात मान खाली घालून कपडे शिवले आणि निवृत्त होताना जाहीर केलं, "जंगलात आपला जमिनीचा एक तुकडा आहे ना, तिथे लाकडाची खोली बांधायची. आपणच!" आपण म्हणजे बाबा, आई, मामा, मी आणि माझी मैत्रीण. तिच्या आवाजामुळे तिला सगळे भोंगा म्हणतात, पण जीप तिच्याकडे आहे. सुतारकामात एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, अशी आमची गत. मामांनी पहिल्याच दिवशी स्वतःची चप्पल फळीला खिळ्यानं ठोकली होती.

सुतार त्या रविवारी "नुसतं बघून जातो" म्हणून आला. आईनं त्याला जेवायला बसवलं आणि बाबांनी हातात करवत दिली. मग तो दर रविवारी येऊ लागला.

"लाकूड उसवता येत नाही," तो मला रंधा धरायला शिकवताना म्हणायचा. "एकदा कापलं की कापलं."

"म्हणून तर जास्त ठेवायचं! कमी करता येतं, वाढवता येत नाही."

"सगळ्यातच असं जास्त ठेवतेस?"

"फक्त कपड्यात. बोलण्यात तर मी..."

"बोलण्यात तर तू कात्रीच आहेस."

अहो-जाहो कधी गळून पडलं, आठवत नाही. रंध्यातून लाकडाच्या पातळ कुरळ्या ढलप्या सुटायच्या, ओल्या पानांचा वास यायचा, आणि त्याचा हात माझ्या हातावरून उचलला जायला जरा उशीरच व्हायचा... मीही घाई करत नव्हते.

चौथ्या रविवारी भिंती झाल्या, छप्पर झालं. जेवताना तो सहज बोलावं तसं बोलला, "मला जहाजाच्या कारखान्यात बोलावलंय. लांब आहे. तीन वर्षांचं काम. पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

आणि त्यानं माझ्याकडे बघितलं.

जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं. म्हटलं काय? "अरे वा! जा की. अशी संधी पुन्हा येत नाही."

परतताना भोंग्यानं जीप थांबवून माझी खरडपट्टी काढली. "बोलायला काय जातंय तुझं?"

"त्यानं बोलावं! मी का म्हणून?"

"बस मग अशीच नाक वर करून. तो जाईल जहाजं बांधायला."

दार तेवढं राहिलं होतं. ते तो त्याच्या सुतारखान्यात करून आणणार होता, माप मी द्यायचं होतं. मी चौकट तीन वेळा मोजली. या वेळी एक दोराही जास्त धरला नाही. जायचंच असेल तर माझं एक तरी माप बरोबर घेऊन जाऊ दे, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. टेप तशीच गुंडाळून ठेवली.

रविवारी जीपच्या टपावरून दार आलं. गुळगुळीत, मधाच्या रंगाचं, हात फिरवत राहावं असं. मामा कॅमेरा घेऊन उभे राहिले. सुतारानं दार उचलून चौकटीत धरलं, आणि...

वरून दीड इंच उजेड आला. बाजूनंही दीड इंच.

"हवेशीर झालंय," मामा म्हणाले.

सुतार माझ्याकडे बघतच राहिला. "तू जागा सोडली नव्हतीस?"

"नाही! जन्मात पहिल्यांदा नाही सोडली! तूच ना मला जास्तीच्या मापावरून सारखं चिडवायचास? आणि तू काय केलंस?"

"मी..." त्याचे कान लाल व्हायला लागले. "तू सोडणारच, असं धरून आधीच दीड इंच वजा केलं."

मग आईला जे हसू फुटलं, ते थांबेचना. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "या मुलानं तुझं माप बरोबर घेतलंय बघ."

"चला, आपण सगळे ओढ्यावर जाऊ!" भोंग्यानं अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल असं सांगितलं. मामांना तिनं दंडाला धरूनच नेलं.

आम्ही दोघंच उरलो. तो दारावर बोट फिरवत म्हणाला, "पट्टी जोडली की बसेल. तासाभराचं काम आहे."

"तासाभराचंच?"

"...दोनही लागू शकतात."

आता नाही तर कधीच नाही. मी त्याचा हात घट्ट धरला. "हे बघ, मी खोटं बोलले. संधी बिंधी खड्ड्यात गेली. तू गेलेला मला चालणार नाही. तू मला हवा आहेस. इथे. रविवारी आणि बाकीच्या वारीसुद्धा. आता हस हवं तर!"

तो हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून उगाच हातात फिरवत राहिला.

"एवढं ऐकायला महिनाभर फुकट राबलो मी," तो हळूच म्हणाला. "इथे मला कामाला काय तोटा? मला फक्त कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं."

"मग थांब ना!"

त्यानं खिशातून फोन काढला. दुसरा हात माझ्या हातात होता, तो त्यानं सोडवून घेतला नाही.

"नमस्कार साहेब... नाही, मला यायला जमणार नाही... हो, इथलं काम आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाही हो," तो म्हणाला, "संपतंय कुठलं? आत्ताच सुरू झालंय."