नकाशावर चढलेली खाडी

खोपटच्या एसटी डेपोत वर्षालीच्या पिशवीतल्या बाटलीचं झाकण निघालं आणि खाडीचं काळं पाणी शेजारी उभ्या असलेल्या तरुणाच्या इस्त्रीच्या पँटवर सांडलं.

"सॉरी हां… वास नाही जायचा याचा."

त्यानं वाकून हुंगलं. नाक मात्र मुरडलं नाही.

"ओहोटीचं पाणी ना?"

"तुम्हाला वासावरून कळतं?"

"डोंबिवलीला पाणी तपासायच्या लॅबमध्ये असतो. हुंगण्याचाच पगार मिळतो. मी मुकुल."

वर्षाली चेंदणीच्या कोळीवाड्यातली. चित्रकला शिकलेली, पण रंग दुकानातले नकोत असं मनानं घेतलेलं. खाडीच्या चिखलातले जिवाणू बशीत वाढवायचे, तेच तिचे रंग. आणि कारणही तसंच होतं. कोळ्यांच्या होड्या लागायच्या त्या काठावरून रस्ता जाणार होता. रस्त्यासाठीच्या सरकारी अहवालात एक ओळ होती — 'खाडी मृत असून तेथे जतन करण्याजोगे जीवन नाही.' सोमवारी जनसुनावणी.

"कॉलेजात कुठे लॅब मिळते का बघायला निघालेले," ती म्हणाली.

"जिवाणू तर गटारातही वाढतात, मॅडम."

"वाढू देत. या चिखलावर निवटी मासळी जगते, निवटीवर बगळा जगतो, नि दोघांच्या वाटणीतून उरेल त्यावर आमचं घर. मेलेलं कोण आहे, सांगा ना?"

मुकुलनं लॅबच्या प्रमुख बाईंना न विचारता तिथल्या कपाटातला एक उबदार कप्पा तिला दिला.

गुरुवारी ती लॅबमध्ये आली. ताटाएवढ्या काचेच्या प्लेटवर पांढऱ्या जिवाणूंनी रस्त्याचा नकाशा काढला, मधोमध खाडीचा चिखल टेकवला. श्वास रोखून, जीभ दातांत धरून. मुकुल समोरच बसून एकच परीक्षानळी चार वेळा धूत होता.

सोमवारी त्यानं थर्माकोलच्या खोक्यातून प्लेट काढून दिली, तेव्हा वर्षालीचा चेहरा उतरला. नारिंगी-जांभळी खाडी रस्त्याच्या अलीकडेच थबकलेली.

"ही थांबली कशी?"

"फ्रीजमध्ये ठेवली. वाढ झाली की प्लेट फ्रीजमध्ये, अशी लॅबची पद्धत… शनिवारी इतकी सुंदर दिसत होती, बिघडू नये म्हणून—"

"बिघडायलाच हवी होती रे! खाडीनं रस्ता गिळायचा होता!"

'रे' तोंडून निसटला. दोघांनीही तो ऐकला, पण बोलायची ती वेळ नव्हती.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी प्लेट उजेडात धरली. "रस्ता तर छान दिसतोय की!" सभागृह हसलं. वर्षालीच्या वडिलांनी, गोविंदांनी, मान खाली घातली.

तेव्हा मागून मुकुल उठला.

"साहेब, माझं नाव लिहून घ्या, लॅबचंही. ही खाडी मी फ्रीजमध्ये गारठवली, चूक माझी. ही बंद प्लेट इथंच टेबलावर राहू द्या. गुरुवारी बघा. खाडी मेलेली असेल तर रस्ता असाच राहील."

"आणि नाही राहिला तर?"

"तर ती ओळ पुन्हा तपासा."

साहेबांनी खांदे उडवले, पण बोलणं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

बाहेर आल्यावर वर्षाली म्हणाली, "नोकरी जाईल ना तुझी. कशाला उठलास?"

"शनिवारी सुंदर दिसत होती म्हणालो ना… ती प्लेट नव्हे. म्हणजे प्लेटही, पण… गुरुवारी तू वाकून काढत होतीस, ते डोळ्यांसमोर होतं. तेच जपायला गेलो, वेड्यासारखा."

तिनं त्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

गुरुवारी दोघं साहेबांच्या कचेरीत गेले. काचेखाली खाडी रस्त्यावर चढली होती, पार पलीकडे. शिपाई म्हणाला, साहेब रोज चहा घेऊन बघत बसतात. रस्ता रद्द झाला नाही, पण ती ओळ फेरतपासणीला गेली, आणि तोवर होड्या काठाला राहणार होत्या.

"आणि तुझं काय?"

"बाईंनी लॅबमधून काढलं. नमुने गोळा करायला टाकलंय." मुकुल हसला. "खाडीवर. रोज."

दुसऱ्या सकाळी बाटल्यांची पेटी घेऊन तो धक्क्यावर उभा राहिला. गोविंदा होडी सोडत होते.

"यो कोन गो?" त्यांनी विचारलं, माहीत असूनसुद्धा.

वर्षालीनं पदवीची भाषा बाजूला ठेवली.

"माझा हाय, बा."

गोविंदांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं, नि होडीत जरासं सरकून जागा केली.