जास्त ताकदीचा चार्जर

तपकीर गल्लीतल्या बापूरावांनी काउंटरवर तीन चार्जर मांडले होते. एक काळा, एक करडा आणि एक जाडजूड, निळसर पारदर्शक. गाडीत सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसून मोबाईल चार्ज करायची ही वस्तू. रावसाहेबांनी खिशातून आपला जुना, स्प्रिंग बाहेर आलेला चार्जर काढला आणि त्याची पिन तिन्हींच्या पिनेशी लावून पाहिली. वेधशाळेत उभी हयात गेल्यामुळे अंदाज आणि खात्री यांतला फरक त्यांना चांगला कळत असे.

बापूरावांना मात्र एक वाजता शटर ओढायचं होतं. घरी चार्जर नाही का, असं त्यांनी विचारलं. आहे, असं रावसाहेब म्हणाले. मग हा कशाला, तर गाडीतलाच हवा. यापुढे बापूरावांनी चौकशी केली नाही. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावायची पुण्यातल्या दुकानदाराला हौस नसते. रावसाहेबांनी काळा उचलला, कारण तो सगळ्यांत स्वस्त होता आणि त्यांना कशातच फारसा रस उरला नव्हता.

गाडी तेजसची होती आणि मोबाईलही त्याचाच. तेजस म्हणजे रावसाहेबांचा एकुलता एक मुलगा, खराडीच्या एका आयटी कंपनीत होता. रोज बिबवेवाडीहून गाडी काढायचा आणि पोचला की घरच्या फोनवर मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे घरी यायला निघालो. फोन उचलायचा नाही, उगाच पैसे पडतात. दोन रिंगा झाल्या की त्याची आई, मालनबाई, कुकर लावायच्या. तासाभरात खाली पार्किंगमध्ये गाडी मागे घेतानाची ती टिंगटिंग धून वाजायची. सकाळी घाई नको म्हणून तेजस रात्रीच गाडी उलटी, भिंतीकडे पाठ करून लावून ठेवायचा. त्या धुनीबद्दल सोसायटीने फळ्यावर दोनदा सूचना लिहिली होती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी पोचल्याची रिंग आली नाही. कंपनीच्या तळघरात गाडी नीट लावलेली होती, इंजिन चालू होतं, मोबाईल चार्जरला होता आणि तेजस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या मुलाचं. रावसाहेबांनी सगळं रीतसर पार पाडलं. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. मालनबाई रडल्याही नाहीत. अजून पोचल्याची रिंग आली नाही, एवढंच एकदा म्हणाल्या, आणि फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. जेवण तुटलं.

गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरते, म्हणून रावसाहेब संध्याकाळी ती खडकवासल्यापर्यंत नेऊन आणू लागले. मोबाईल होता तसाच चार्जरला लटकत होता. तो काढायचं त्यांच्या मनात आलं नाही. पहिल्याच दिवशी परत आले तेव्हा मालनबाई दारात उभ्या होत्या. "पोचल्याची रिंग दिलीत, बरं केलंत," असं म्हणाल्या आणि त्या दिवशी पोळी खाल्ली.

रावसाहेबांनी रिंग दिली नव्हती. बाईचं मन, भास झाला असेल, असं त्यांनी ठरवलं. पण पुढच्या आठवड्यात घरच्या फोनला जोडलेल्या डबीवर त्यांनी तेजसचा नंबर स्वतः पाहिला. मोबाईलचं बटण दाबलं जात असेल, काहीतरी बिघाड असेल. असेना. ती जेवत होती. ते रोज जाऊ लागले.

मग चार्जर मोडला आणि रिंग बंद झाली. घरी चार्ज करून मोबाईल गाडीत ठेवून पाहिला, तरी नाही. रावसाहेबांना याचा राग आला, कारण त्याला काही अर्थ नव्हता. मालनबाई पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या आणि आता नुसत्या चहावर आल्या. त्यांची बांगडी कोपरापर्यंत वर सरकू लागली. म्हणून तपकीर गल्ली.

काळा चार्जर भोकात सैल बसत होता. त्याचा दिवा लागायचा, विझायचा. त्या संध्याकाळी रावसाहेब परत आले तर मालनबाई रडत होत्या, तेजस गेल्यापासून पहिल्यांदाच.

"अर्धीच आली हो," त्या म्हणाल्या. "मधेच तुटली. दमल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी रावसाहेब दुकानात पोचले तेव्हा बापूराव शटरला हात घालत होते. विकलेला माल परत घेत नाहीत, हे त्यांनी पाटीकडे बोट दाखवून सांगितलं. रावसाहेबांनी निळसर चार्जर मागितला आणि हा जुन्यासारखाच चालेल का, असं विचारलं.

"जुन्यासारखा कशाला? याची ताकद जास्त आहे," बापूराव म्हणाले. "मेलेला मोबाईलसुद्धा उठून बसेल. न्या."

निळा घट्ट बसला. आत हिरवा दिवा लागला तो हलला नाही. सिंहगड रस्त्याने धरणापाशी पोचेपर्यंत मोबाईल भरलासुद्धा. रावसाहेब खाली उतरले. कणसं भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर पाण्यावर सरकत होता. तो संपेपर्यंत त्यांनी पाहिला आणि गाडीत येऊन बसले.

त्यांचा पाय क्लचला पोचला नाही.

सीट मागे गेलेली होती, चांगली वीतभर. तेजस उंच होता. रावसाहेबांनी खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. सीट गरम होती, पण ऊन समोरूनच येत होतं. मोबाईलही गरम होता. त्यांनी तो बंद केला, चार्जर उपसून शर्टाच्या खिशात घातला आणि गाडी घराकडे वळवली.

पार्किंगमध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी तोंड भिंतीकडे करून लावली. मागे घेणं त्यांना जमत नसे, निघताना तेवढं कसंबसं करायचे. दारं लावली, हँडल ओढून पाहिलं, किल्ली पँटच्या एका खिशात आणि मोबाईल दुसऱ्या खिशात टाकला.

तीन जिने चढून वर आले तर घरात फोडणीचा वास होता. कुकरची शिट्टी झाली. मालनबाईंनी केस विंचरले होते आणि तीन ताटं घेतली होती.

"दोन रिंगा आल्या," त्या म्हणाल्या.

रावसाहेब चपला काढत होते, ते तसेच थांबले. मग इतके दिवस न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगून टाकली. "मी कधीच दिल्या नाहीत रिंगा. एकही नाही."

"ठाऊक आहे मला," मालनबाई म्हणाल्या. "तुम्हाला तो मोबाईल लावता येतो कुठे?"

त्यांनी लोणच्याची बरणी पुसून तिसऱ्या ताटापाशी ठेवली. खराडीहून यायला तास तरी लागतो, तोवर तुम्ही हातपाय धुऊन घ्या, असं सांगितलं.

रावसाहेबांनी हातपाय धुतले. मग दोघं बसून राहिले.

भात निवू लागला.

खाली टिंगटिंग धून वाजली.

रावसाहेब गॅलरीत गेले. पार्किंगच्या ट्यूबखाली गाडी भिंतीकडे पाठ करून उभी होती. सरळ, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. आतला दिवा लागलेला होता. मग दार लावल्यावर जातो तसा तो गेला.

त्यांनी पँटचा खिसा चाचपला. किल्ली होती. दुसऱ्या खिशात मोबाईल होता, बंद.

आपल्याला भीती वाटायला हवी, असं त्यांना वाटलं. त्यांनी वाट पाहिली. आली नाही.

हॉलमधला फोन वाजला. एकदाच.

"पोचला," मालनबाई म्हणाल्या. श्वास सोडावा तशा म्हणाल्या, आणि तिसऱ्या ताटात भात वाढायला घेतला. "अहो, कडी काढा. त्याच्या हातात बॅग असते."

रावसाहेब दाराकडे निघाले. छातीपाशी ऊब लागली म्हणून त्यांनी खाली पाहिलं. शर्टाच्या खिशात, पातळ कापडामागे, चार्जरचा हिरवा दिवा लागला होता.