मारिक्रूझचं नाक आणि मास्तरांची बीअर

खांद्यावर पोतं घेऊन मारिक्रूझ सुकवणीच्या भट्टीकडे तरातरा निघाली होती, आणि समोरून वहीत डोकं घालून तो येत होता. व्हायचं तेच झालं! धाडकन टक्कर, पोतं खाली, आणि बीअरला कडू चव आणि वास देणाऱ्या हॉपच्या वेलीची ओली हिरवी फुलं त्याच्या केसांत, कॉलरीत, बुटांत...

"डोळे काय घरी ठेवून आलात?"

"वहीत होते," तो गोरामोरा होऊन म्हणाला.

वेंडेल ऑस्टबी त्याचं नाव. अमेरिकेतल्या आमच्या याकिमाच्या शाळेत गणित शिकवायचा आणि सुट्टीला गॅरेजात बीअर लावायचा. सप्टेंबरात वेलींवरून हॉप उतरायला लागला की आमच्या खोऱ्यात अर्धं गाव हेच करतं म्हणा. पण या मास्तराचं दुखणं निराळं होतं. घरी बीअर करणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत दोन वर्षं त्याच्या पेल एलला, त्या फिकट सोनेरी बीअरला, एकच शेरा मिळत होता – चूक काही नाही, पण मजाही काही नाही.

ते ऐकून मारिक्रूझ खळखळून हसली. मग तिने वही ओढून घेतली आणि तिचं हसू थांबलं.

"सगळा हॉप सुरुवातीलाच? आणि तासभर उकळता? अहो, कोथिंबीर कधी तासभर शिजवतात का? वास पार उडून जातो!"

"पण आकडेमोड तर बरोबर आहे..."

"आकड्यांना वास येतो का? हात पुढे करा."

त्याने केला. तिने त्याच्या तळहातावर एक फूल ठेवलं, आपल्या तळव्याने खसाखसा चोळलं. पिवळी भुकटी दोघांच्याही हाताला चिकटली. तळवा गरम झाला. हॉप चोळताना होतोच तो, पण आज जरा जास्तच झाला...

"आता नाक खुपसा. कसला येतो?"

त्याने डोळे मिटले. "...छान."

"छान असा वास नसतो, मास्तर!"

पण पुढे त्याच्याकडून काही निघेना. लाजतोय बिचारा, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलं.

मग तो रोज चार वाजता यायला लागला. ती चोळायची, हुंगायची, बोलायची, आणि तो भराभरा लिहून घ्यायचा. मोड आणून भाजलेल्या सातूचा माल्ट हलकाच ठेवायचा, म्हणजे तो मध्ये मध्ये करणार नाही. कडवटपणासाठी चिमूटभर हॉप सुरुवातीला. बाकीचा सगळा आच बंद केल्यावर! एक जात मोसंबीच्या सालीसारखी, दुसरी पिकल्या पीचसारखी. शिवाय यीस्ट घातल्यावर तिसऱ्या दिवशी आणखी मूठभर.

"ओला हॉप आहे, तेव्हा सुक्याच्या पाचपट घे," ती म्हणाली. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"पाचपट? भांड्यात मावणार नाही!"

"मग मोठं भांडं आण. कंजूस कुठला!"

ओफेलिया मावशी तिच्याच शेजारी भट्टीवर काम करायची. तिची नजर म्हणजे घारीची.

"लोकांच्या अत्तरालासुद्धा नाक मुरडणारी माझी भाची... आणि या मास्तराच्या घामाचा वास बरा चालतो गं तुला?"

"मावशी!" मारिक्रूझ किंचाळली. पण साडेतीन वाजता केस सारखे करायचं काही तिने सोडलं नाही.

बीअर शिजवायच्या आदल्या दिवशी तिला थट्टा सुचली. वेलीवर फार दिवस राहिला की हॉप बिघडतो, कांद्यासारखा भपकारा मारतो. अशीच दोन फुलं तिने मुद्दाम त्याच्या हातावर चोळली आणि ओठ दाबून वाट बघत उभी राहिली.

वेंडेलने जोरात श्वास घेतला. "वा! अगदी मोसंबी!"

तिने आपलाच तळवा पुन्हा हुंगून पाहिला.

"वेंडेल... याला कांद्याची घाण येतेय."

तो पांढराफटक पडला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप आला होता, त्यात वास गेला तो परत आलाच नाही. क्लबात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बीअर लावणाऱ्याला नाकच नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

मारिक्रूझला वाईट वाटलं. आणि पुढच्याच क्षणी अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे रोज येत होतास ते माझ्या नाकासाठी!"

"सुरुवातीला... हो," तो म्हणाला. खोटं बोलताच येईना त्या शहाण्याला!

मग नंतर कशासाठी, ते ऐकायला ती थांबलीच नाही. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. याला मी हवी की माझं नाक? एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि आपण होऊन विचारायची तिची छाती नव्हती.

तरी चार दिवसांनी तिने फोनवर एक ओळ पाठवलीच. 'भांडण भांडणाच्या जागी. आज मूठभर हॉप टाकायचाय, विसरू नकोस.'

स्पर्धेला मावशीने तिला ओढतच नेलं. परीक्षकांनी वेंडेलचा ग्लास नाकाशी धरला आणि तिघांच्याही माना एकदम वर झाल्या. पुन्हा हुंगला. एकमेकांकडे पाहिलं. मारिक्रूझने मावशीचा दंड असा आवळला की ती बाई कळवळली. पहिला नंबर!

वेंडेल मंचावर गेला. माईक हातात घेतला.

"मला दोन वर्षं वास येत नाही," तो म्हणाला. "ही बीअर मारिक्रूझ बारागानची आहे. मी फक्त पाणी तापवलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मारिक्रूझचं काळीज आनंदाने धडधडायला लागलं... आणि लगेच खट्टूही झालं. नाकाचे आभार मानून झाले. आता माझं काय? तो मंचावरून उतरायच्या आत ती घरी निघून गेली.

ऑक्टोबर संपत आला. वेली उतरल्या, मळ्यांत नुसत्या तारा राहिल्या, भट्टी थंड झाली. सोमवारी ती एकटीच तिथे झाडत होती. चार वाजले, आणि दारात वेंडेल उभा! हात रिकामे, चेहरा शाळेत पहिल्यांदा आलेल्या पोरासारखा.

"हंगाम संपला," ती झाडू न थांबवता म्हणाली. "हुंगायला एक पाकळीसुद्धा उरली नाही."

"माहितीये. म्हणूनच आज आलो."

झाडू थांबला.

"आधी आलो असतो तर तुला वाटलं असतं, याला पुन्हा नाक हवंय. आज तुझ्या नाकाला काही कामच नाही..." तो एक पाऊल आत आला. "मारिक्रूझ, मला तू आवडतेस. उद्या तुला सर्दी झाली आणि ती जन्मभर राहिली... तरी आवडशील."

"जन्मभर सर्दी?" तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदमच आलं. "मागणी घालतोस की शाप देतोस रे?"

"मला... दुसरं काही सुचलं नाही."

"गणिताचा मास्तर!" ती म्हणाली, झाडू भिंतीला टेकवला, आणि टाचा उंचावून त्या वेंधळ्याच्या ओठांवर ओठ टेकवून मोकळी झाली.